आडवा ज्वालामुखी

धुळ्यात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं सरकला, की माणसाच्या डोक्यात दोनच विचार टिकतात. एक सावलीचा, दुसरा बर्फाचा. सावलीचं सोपं आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की झालं. बर्फ मात्र रसवंतीच्या पोत्यापलीकडं भेटत नाही. अशा दिवसांत कुणी नुसतं म्हणालं, ‘‘उणे दहा अंशात उभं राहायला कसं वाटेल?’’ की धुळेकर त्याच्यामागं जगाच्या पाठीवर कुठंही जायला तयार होतो. आमच्या किलिमांजारो मोहिमेचा उगम असा आहे. गिर्यारोहणाशी तिचा संबंध नंतर आला, आधी उकाडा आला.

नाव बापूंनी आणलं. त्यांच्या मुलाच्या ऑफिसातलं कुणीतरी आफ्रिकेत जाऊन आलं होतं. फोटोत डोळ्यांपुरता दिसणारा एक माणूस एका पाटीला धरून उभा होता आणि मागं शुभ्र बर्फ होता. आम्ही पाटी वाचलीच नाही.

‘‘हा ज्वालामुखी आहे बरं का,’’ बापू म्हणाले.

‘‘ज्वालामुखीवर बर्फ?’’ अण्णांचं कापडाचं दुकान आहे. लेबल एक आणि माल दुसरा हा प्रकार त्यांच्या लगेच लक्षात येतो.

खान्देशात चार माणसं बसली की त्यांत एक अण्णा, एक आप्पा, एक बापू आणि एक नाना निघतोच. पाचवा आला तर तो भाऊ. आमच्याकडं याशिवाय भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि एक डॉक्टर असा सुशिक्षित भाग आहे. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि खजिनदार निवडले गेले. कोणता डोंगर, कोणता देश, कोणतं वर्ष, हे ठरायचं होतं. पण वर्गणी कुणाकडं जमा करायची, याबाबत आता कुणाच्या मनात शंका नव्हती.

नियोजन हा धुळ्याच्या अभिमानाचा विषय आहे. आमच्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नंबर आहेत. हे सगळं विश्वेश्वरय्यांनी आखलं, असं गावात कुणीही छातीठोक सांगेल. प्राध्यापक दर वेळी सांगतात, की नव्या पेठेची आखणी कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमारास केली आणि तेव्हा विश्वेश्वरय्या जन्मायला चाळीसेक वर्षं अवकाश होता. दर वेळी लोक शांतपणे ऐकून घेतात आणि पुन्हा विश्वेश्वरय्यांचंच नाव घेतात. ते इथं आले हे मात्र खरं. १८८४ मध्ये सरकारी नोकरीत लागल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांनी पांझरेच्या खोऱ्यात नाल्याखालून पाणी नेणाऱ्या नळांचं काम केलं. पावसामुळं काम पुढं ढकलावं असं त्यांनाही वाटलं होतं. वरिष्ठांनी कान टोचले आणि त्यांनी ते भर पावसाळ्यात पुरं केलं. आमच्या समितीनं या चरित्रातला ‘पुढं ढकलावं’ एवढा भाग आदर्श मानला.

बैठक दर रविवारी, देवपुरात नानांच्या गच्चीवर. रविवार आणि धुळं यांचं नातं जुनं आहे. १९३२ साली विनोबा इथल्या तुरुंगात होते, तेव्हा २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय, काम पुरं. आम्हीही रविवारी बसतो. आमचा पहिला अध्याय, म्हणजे अर्जुनाचं हातपाय गळणं, अजून चालू आहे. विनोबांना एक सोय होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या श्रोत्यांना उठून जाता येत नव्हतं.

पहिला वाद, ज्वालामुखी कोणता? प्राध्यापक यादी घेऊन आले. सर्वांत उंच ज्वालामुखी म्हणजे चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा ओहोस देल सालादो, ६८९३ मीटर. आप्पांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि बाद केलं. ‘‘सत्काराच्या बॅनरवर जे नाव धड छापून येणार नाही, त्या डोंगरावर चढून उपयोग काय?’’ रशियातला एल्ब्रुस ५६४२ मीटर, तिथं युद्ध. इराणच्या दमावंदलाही घरून परवानगी मिळेना. जपानचा फुजी ३७७६ मीटर, पण तिथं मोसमात माणसांची रांग लागते म्हणे. ‘‘रांगच लावायची तर गॅस एजन्सी काय वाईट आहे?’’ असं म्हणून अण्णांनी जपानचा विषय संपवला.

नानांचा आग्रह स्वदेशीचा. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. त्याची उंची साडेतीनशे मीटर आहे हे कळल्यावर नानांचा चेहरा उजळला. धुळं स्वतःच समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे. म्हणजे शंभर मीटरच चढायचं उरलं, बाकीचं आपण जन्मतःच चढलेलो आहोत, असा त्यांचा हिशेब. प्राध्यापकांनी सांगितलं, की त्या बेटावर उतरायला परवानगी नाही, लांबून बोटीतून पाहायचं. त्यावर नाना म्हणाले, ‘‘हे तर फारच उत्तम!’’

शेवटी किलिमांजारोवरच शिक्का बसला. उंची ५८९५ मीटर, देश टांझानिया. दोर-खिळ्यांची कसरत नाही. नेहमीच्या वाटांनी सरळ चालत जाता येतं. प्राध्यापकांनी सांगितलं, की तो एक डोंगर नसून तीन ज्वालामुखींचा समूह आहे. शिरा आणि मावेन्झी कधीच विझले, किबो नुसता निद्रिस्त आहे. ‘‘म्हणजे वर आपल्यासारखीच समिती बसली आहे,’’ बापू म्हणाले, ‘‘दोन निवृत्त आणि एक झोपलेला.’’ या समितीच्या डोक्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तो हान्स मेयर या जर्मन माणसानं, १८८९ मध्ये, लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाबरोबर; आणि तोही तिसऱ्या प्रयत्नात. या माहितीनं सभेत उत्साह पसरला. पहिले दोन प्रयत्न फसायला हरकत नसते, असा त्याचा अर्थ सर्वांनी घेतला. पहिला प्रयत्न तर गच्चीवरच फसवता येईल, म्हणजे विमानाचं भाडं वाचेल, ही सूचना खजिनदारांची.

मग तारीख. किलिमांजारोला जाण्याचे कोरडे महिने दोन टप्प्यांत येतात : जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. वर्षातले आठेक महिने मोकळे म्हणजे चैनच वाटली. मग नानांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि डोंगराची एकेक बाजू ढासळू लागली. जूनमध्ये पेरणी आणि नातवंडांचे प्रवेश. जुलैत पेरणी वाया गेली तर दुबार पेरणी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंद त्या दिवशी रोटासाठी एका छताखाली येतात. त्या वेळी आफ्रिकेत असणाऱ्या माणसाबद्दल भाऊबंदांत काय बोललं जाईल, याची कल्पना असल्यानं कुणी हो म्हणेना. सप्टेंबरात गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्षात सहा हजार मीटरवर जाऊन पितरांच्या उगीच जवळ जाऊ नये, हे अण्णांचं म्हणणं डॉक्टरांनीही खोडून काढलं नाही. ऑक्टोबरात नवरात्र, एकवीरेची यात्रा आणि कापसाची वेचणी. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं, नुसती घरातली नव्हेत, तर ज्यांनी आपल्याकडचा आहेर लिहून ठेवला आहे, त्या सर्वांची. उरले एप्रिल-मे. त्यांतून आखाजीला लेकी माहेरी येतात ते चार दिवस वगळले, तर सगळे मोकळे. नेमक्या त्याच दिवसांत किलिमांजारोवर धो धो पाऊस असतो. तो डोंगर विषुववृत्ताजवळ ज्यानं ठेवला, त्यानं खान्देशचं पंचांग पाहिलेलं नव्हतं, एवढं निश्चित.

तारीख अनिश्चित ठेवून वाटेची चर्चा सुरू झाली. मारंगू, माचामे, लेमोशो, रोंगाई अशा बऱ्याच वाटा वर जातात. मारंगूच्या वाटेवर झोपायला लाकडी झोपड्या आणि खाटा आहेत, बाकी वाटांवर तंबू. खाट हा शब्द ऐकताच आठपैकी सहा मतं मारंगूला पडली. डॉक्टरांचा कौल लेमोशोला. कारण तिथं सात-आठ दिवस लागतात आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला सवड मिळते. ‘‘जास्त दिवस म्हणजे जास्त जेवणं,’’ आप्पांनी हिशेब मांडला आणि दोन मतं फुटली. या डोंगरावर वाटाड्याशिवाय जाता येत नाही, तसा तिथला नियम आहे. शिवाय एका चढणाऱ्यामागं सामान, तंबू, शिधा वाहणारी दोन-तीन माणसं असतात. अण्णा संकोचले. ‘‘माझ्यामागं तीन माणसं? लोक म्हणतील, नगरसेवकाला उभा राहतोय.’’

हमालानं वीस किलोंपेक्षा जास्त ओझं उचलायचं नाही, आणि त्यांतलं आपल्या पिशवीच्या वाट्याला येतं पंधरा किलो. ही मर्यादा कळली तेव्हा फराळाची यादी नुकतीच कुठं तिसऱ्या पानावर गेली होती. कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, शेवभाजीसाठी तिखट शेव, बिबडे, शेंगदाण्याचं तेल, वांगी. वांगी कशाला, तर भरिताला. आणि भरताची वांगी पऱ्हाटीच्याच जाळावर भाजायची असतात, गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणत नाहीत, म्हणून पऱ्हाटीची एक मोळी. प्राध्यापकांनी खाकरून सांगितलं, की त्या उद्यानात सरपण पेटवायला बंदी आहे. बैठकीत जी शांतता पसरली, ती उणे तापमानाच्या माहितीनंही पसरली नव्हती.

केळी तरी न्यावीत, असं बापूंनी सुचवलं. तेव्हा कळलं, की किलिमांजारोच्या उतारावर राहणारे चग्गा लोक पिढ्यान्‌पिढ्या केळीच पिकवतात, जोडीला कॉफी घेतात, आणि डोंगरावरचं पाणी हातानं खोदलेल्या पाटांतून पाळीपाळीनं शेताला देतात. जमीन ज्वालामुखीची, पीक केळीचं, पाण्याला पाळी. अण्णा सावरून बसले. रावेर-यावलची केळी आणि पांझरेवरची फड पद्धत त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. ‘‘मग पाण्याच्या पाळीवरून भांडणंही होत असतील?’’ त्यांनी विचारलं. होत असतील, असं प्राध्यापक म्हणाले. ‘‘अरे मग दोन लाख घालून आपण साक्री तालुक्यातच चाललोय की!’’

थंडीबद्दल मात्र आम्हाला कुणी शिकवू नये. दर डिसेंबरात इथल्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर येतो, महाराष्ट्राच्या बातम्यांत धुळ्याचं नाव महाबळेश्वराच्या वर झळकतं, आणि पाच कंदिलावर शेकोटीभोवती उभा असलेला माणूस जणू पारा स्वतःच्या हातानं खाली ओढून आणल्यासारखा बोलतो. त्यामुळं सहल कंपनीची कपड्यांची यादी पाहून सगळ्यांना हसू आलं. आत एक थर, त्यावर लोकरीचा, त्यावर पिसांचं जाकीट, त्यावर वाऱ्याचं, वर कानटोपी, त्यावर आणखी एक टोपी. हे सगळं अंगावर चढवल्यावर डोंगर कुणी चढायचा, हे यादीत नव्हतं. आप्पांच्या पुण्याच्या भाच्याकडं असं पिसांचं जाकीट होतं, ते मागवलं. गच्चीवर, भर मे महिन्यात, संध्याकाळी पाच वाजता आप्पांनी ते घालून दाखवलं. डॉक्टरांनी नाडी धरली. जाकीट उत्तम आहे, यावर एकमत झालं. आप्पांना उन्हाळा सोसत नाही, यावरही.

विरळ हवेचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शिखरावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. ही लक्षणं प्रत्येकाला घरच्या घरी परिचित होती. मग डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि भूक मरते.’’ नानांनी विचारलं, ‘‘म्हणजे किती?’’ अजिबात जेवावंसं वाटत नाही, डॉक्टर म्हणाले. दोन सभासदांनी त्याच रात्री वर्गणी परत मागितली.

यावर उपाय एकच : अतिशय सावकाश चालणं. चढताना धाप लागली तर वेग चुकला असं समजायचं. शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच चालीनं जायचं. या एका कसोटीवर आमच्या समितीची तयारी जागतिक दर्जाची निघाली. आमचे लोक गप्पा मारताना मुळीच चालत नाहीत.

तरी सराव हवाच म्हणून लळिंग ठरला. मुंबई-आग्रा महामार्गानं मालेगावकडं निघालं, की गाव मागं पडतं न पडतं तोच डावीउजवीकडं पाहायच्या आधी समोर किल्ला दिसतो. चढ तासाभराचा, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पडके दरवाजे आणि भरपूर वारा. किलिमांजारोवर शिखराची चढाई मध्यरात्री सुरू करतात, म्हणून आम्ही पहाटे पाचची वेळ ठरवली. साडेसातला सगळे पायथ्याशी जमले. आठला चहा झाला, साडेआठला पोहे. नऊ वाजता ऊन चढलं, तेव्हा डॉक्टरांनी वैद्यकीय कारणास्तव चढाई तहकूब केली आणि सगळे महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजीला गेले. मोहिमेत पायथ्याची छावणी भक्कम असावी लागते, असं आप्पांनी कुठंतरी वाचलं होतं.

लळिंगला हे नवं नाही, असं प्राध्यापकांनी ढाब्यावर सांगितलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला फारुकींच्या नासिर खानाकडं होता. त्याला हवा होता असीरगड, आसा अहीर नावाच्या बलाढ्य गवळीराजाचा. फेरिश्ता या इतिहासकारानं कथा दिली आहे. नासिर खानानं लळिंगहून निरोप धाडला, ‘‘शत्रूंनी मला घेरलंय, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा द्या.’’ आसानं मोठ्या मनानं होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या गेल्या, त्यांत पडद्याआड हत्यारबंद सैनिक होते. गड पडला. आसाच्या विश्वासाचं जे व्हायचं ते झालं, हळहळण्यासारखंच आहे ते. पण बापूंचं लक्ष दुसऱ्याच तपशिलाकडं होतं. ‘‘म्हणजे लळिंगवर ठरलेली जी एकमेव चढाई तडीस गेली,’’ ते म्हणाले, ‘‘तिच्यात चढणारे डोलीत बसून गेले.’’ किलिमांजारोवर डोलीची सोय आहे का, याची चौकशी त्याच ठिकाणी बापूंकडं सोपवण्यात आली.

परतताना प्राध्यापकांनी गाडी थांबवायला लावली. रानात काळ्या दगडांची एक सरळ रांग टेकाडावरून उतरून पलीकडच्या टेकाडावर चढलेली दिसत होती, कुणी बांध घालावा तशी. ‘‘हे काय आहे?’’ त्यांनी विचारलं. नानांनी शेताची हद्द असेल म्हणून सांगितलं. धुळ्यात कोणत्याही सरळ रेषेचा अर्थ वाद असाच होतो. प्राध्यापक म्हणाले, ‘‘ही ज्वालामुखीची भेग आहे. तुम्ही जो शोधत आफ्रिकेला निघालात ना, त्याच्या पोटात तुम्ही उभे आहात.’’

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि निवृत्त प्राध्यापकांचं लोकांनी ऐकून घेतलं अशी ती दुर्मीळ वेळ होती. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा वर आला. कारंज्यासारखा एका तोंडातून नव्हे, जमिनीतल्या लांबच लांब फटींतून. तो साचून सुळका झाला नाही, पसरत गेला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, लाखो वर्षं. आज उरलेला पसाराही पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. पश्चिमेकडचा काही लाव्हा वाहत वाहत थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोहोचला, असं भूशास्त्रज्ञ मानतात. शेवटी भेगांत जो रस उरला, तो तिथंच थिजला. भोवतीचा दगड झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त भिंती मोजल्या आहेत. सर्वांत लांब जी आहे, ती ७९ किलोमीटर.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पांनी विचारलं, ‘‘म्हणजे आपला ज्वालामुखी त्यांच्याहून मोठा?’’

कितीतरी पटींनी.

‘‘मग शिखर का नाही?’’

‘‘उभा राहिला नाही म्हणून. आडवा पसरला.’’

मला त्या क्षणी आमच्या मोहिमेचं कोडं सुटलं. जो विचार आमच्याकडं एका तोंडातून निघतो, तो तिथंच साचत नाही. तो अण्णांच्या दुकानात शिरतो, आप्पांच्या भाच्यापर्यंत जातो, कानबाईला वळसा घालतो, वांग्यात घुसतो, लळिंगला टेकतो, शेवभाजीत मुरतो. त्याला उंची येत नाही, विस्तार येतो. बाहेरच्यांना वाटतं, ही माणसं नुसती बोलतात. पण आमच्या जमिनीचाच स्वभाव असा आहे. तिनं जगातला एक अफाट उद्रेक केला आणि त्याचं एकही टोक काढलं नाही. आणि त्यात तोटा तरी कुणाचा झाला? त्याच दगडाची काळी माती झाली, तिच्यात कापूस आला, ज्वारी आली, भरताचं वांगं आलं. शिखर काढणाऱ्या ज्वालामुखीकडं लोक आठ दिवस जातात आणि फोटो काढून परततात. आडव्या ज्वालामुखीवर लोक संसार करतात.

हा विचार मी पुढच्या रविवारी सभेत मांडला. टाळ्या पडल्या, कारण त्याचा अर्थ न जाणं असाही होत होता. चहा घेऊन आलेल्या नानी दारात थांबून ऐकत होत्या. त्यांनी प्राध्यापकांना विचारलं, ‘‘सर, गडना डोंगर बी त्याच दगडना शे का?’’

गड म्हणजे वणीची सप्तशृंगी. हो, प्राध्यापक म्हणाले, तो कडाही लाव्ह्याच्या थरांचाच.

‘‘मंग मी तं दर सालले ज्वालामुखी चढी येस,’’ नानी म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या.

नानांनी छताकडं पाहिलं, पण गच्ची असल्यामुळं वर छत नव्हतं. चैत्रात खान्देशातून हजारो माणसं गडाकडं पायी निघतात. धुळ्याहून वाट सव्वाशे-दीडशे किलोमीटरची. उन्हाच्या तडाख्यात, बरंचसं रात्रीचं, साध्या चपलांवर, एका पिशवीत लुगडं आणि दशम्या घेऊन. महामार्गावर कुणी पाणी देतं, कुणी उसळ. वर पाचशेच्या आसपास पायऱ्या. आता शेजारी ट्रॉलीही झाली आहे, पण दीडशे किलोमीटर चालून आलेली बाई शेवटच्या पाचशे पायऱ्यांसाठी तिकीट काढायला थांबत नाही. यासाठी कोणी अध्यक्ष निवडत नाही. कपड्यांचे थर मोजत नाही. सातपुड्यातल्या अस्तंब्याचंही तेच. चार हजार फुटांहून उंच डोंगर, धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून पोरांचे जथे निघतात आणि अश्वत्थाम्याच्या नावानं रात्रीच्या अंधारात चढून येतात. त्यांना कुणी विचारलं की नियोजन काय केलंत, तर ती म्हणतील, दिवाळी आली.

‘‘पण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही,’’ अण्णा म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. किलिमांजारोवर शिखर गाठलं, की तिथलं उद्यान नावानिशी प्रमाणपत्र देतं. दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी अण्णांनी त्याची जागा आधीच मोकळी केली होती. आडव्या ज्वालामुखीवर राहिल्याचं प्रमाणपत्र कोण देणार?

‘‘तहसीलदार,’’ बापू म्हणाले. ‘‘अधिवासाचा दाखला!’’

सभेत चैतन्य पसरलं. कागदपत्रांची यादी जाकिटाच्या यादीपेक्षा ओळखीची होती : आधार, रेशनकार्ड, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला, दोन फोटो. ओझं पंधरा किलोंच्या आत. वाटाड्या सक्तीचा नाही, पण कार्यालयाबाहेर हवे तेवढे. मुख्य म्हणजे, किलिमांजारोच्या शिखरावर थंडीपायी माणूस जेमतेम पंधरा मिनिटं थांबतो आणि प्रमाणपत्राचा मानकरी होतो. इथं सलग पंधरा वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. कोणती चढाई खडतर, हे डॉक्टरांनीही मान्य केलं.

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक आप्पा, अनुमोदक नाना. जमा वर्गणीतून अर्जावरच्या तिकिटांचा खर्च भागवावा आणि उरलेल्या रकमेत भरीत पार्टी करावी, ही उपसूचनाही मंजूर झाली. किलिमांजारो रद्द केलेला नाही, हे खजिनदारांनी इतिवृत्तात मुद्दाम लिहून घेतलं. कारण रद्द म्हटलं, की वर्गणी परत करावी लागते.